सदूचा मोकळा हात

आमच्या नाटकमंडळीत सदू ढोलकीला असायचा. मी स्त्रीभूमिका करायचो. टाळ्या माझ्या पदराला पडायच्या आणि हँडबिलावर नावही माझंच ठळक यायचं. सदू मात्र ‘आणि साथीदार’ या दोन शब्दांत संपायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. गेल्या महिन्यात लोधिवलीजवळच्या आमच्या गावात रक्त तपासणारी मंडळी आली, तेव्हा कळलं की गड्याच्या मनाला ते लागलेलं होतं.

समाजमंदिरात सोनाली नावाची लॅबमधली मुलगी समजावत होती. रिपोर्टवर ‘नॉर्मल’चे आकडे छापतात, ते बहुतेक दुसरीकडच्या आणि तरुण माणसांच्या रक्तावरून ठरलेले. इथल्या सत्तरीपुढच्या निरोगी माणसांचे आकडे काय असावेत, यावर आता संशोधन चाललंय. त्यासाठी धडधाकट म्हातारी माणसं हवीत.

सदू पुढे सरकला. “म्हंजे उद्या कुना म्हाताऱ्याचं रक्त तपासलं, तर माज्या रक्ताशी ताडून बगनार?”

“तुमच्यासारख्या पुष्कळांच्या, आजोबा.”

“पन त्यात मी आसन.”

“निवड झाली तर नक्की.”

सदूचे पाय जमिनीला लागेनात. रक्त देताना मी शेजारीच होतो. सोनालीनं दंडाला पट्टा बांधून मूठ मिटायला सांगितली. सदूनं समोर बसलेल्या माणसांकडे एक नजर टाकली आणि मूठ मिटली, उघडली, पुन्हा आवळली. चांगली दणकून, लयीत.

काही दिवसांनी निरोप आला. त्याच्याबरोबर रक्त दिलेली त्याची बायको अंबाबाई निवडली गेली होती. सदूचं पोटॅशियम जास्त निघालं. पुन्हा तपासल्याशिवाय त्याला घेता येणार नव्हतं.

“मी पास झाले,” अंबावहिनी मला सांगत होत्या. “ह्यांच्या रक्तात कायतरी जास्त भरलंय. माज आसंल.”

सदू हसला नाही. “कमळ्या, हितं पन मी मागंच रं,” एवढंच मला म्हणाला.

सोनाली पुन्हा आली ती प्रश्न घेऊनच. “आजोबा, मूठ सारखी उघडमीट केली होतीत ना?”

“मग? शीर दिसाया नको?”

“पट्टा बांधून तसं केलं की त्या हातातल्या रक्तात पोटॅशियम चढतं. तो आजार नाही. आज हात मोकळा सोडायचा.”

मोकळा? माणसं समोर बसलेली आणि सदूचा हात मोकळा? पट्टा बांधला की बोटं चालू. तिनं पट्टा सोडला, थोडं थांबून पुन्हा बांधला. बोटं पुन्हा चालू.

मग मी उठलो. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि माझा जुना आवाज लावला, “माझ्या बाळाला कुठं नेलंत हो?”

नाटकात माझ्या विलापाला ढोलकी बंद असायची. सदू तळवे वर करून, हातात हाड नसल्यासारखा बसून राहायचा. आताही तो हात तसाच सैल पडला. सोनालीनं तेवढ्यात सुई घातली.

“खोट्या रड्याला ह्यांचे डोळे भरल्यात बगा,” अंबावहिनी म्हणाल्या. त्यांचेही भरले होते.

काल सोनालीचा फोन आला. पोटॅशियम बरोबर आलं, सदू निवडला गेला. सदूनं विचारलं, “नाव छापनार का गं?”

“नाही आजोबा. नावं गुप्त ठेवतात. फक्त आकडे.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. गडी खदखदून हसला. “म्हंजे परत ‘आनि साथीदार’. आसू दे, कमळ्या. ठेका तर आपला हाय.”

“दोगांचा,” आतून अंबावहिनी म्हणाल्या. “मी आदी पास झालेय.”