शनिवारी न लढलेला वेल्टरवेट

बॉक्सर काकांनी आयुष्यात माशीसुद्धा मारली नव्हती. बॉक्सर होते त्यांचे वडील, शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत. पदवी तेवढी वारसाहक्काने इथे परदेशात, टूनगॅबीला आली. काका बेने इस्राएली ज्यू, मूळचे अलिबागकडचे, मराठी अगदी चोख. लॉकडाउनमध्ये ते कुंपणापलीकडे खुर्ची टाकून मला रोज आपल्या बाबांची एक लढत ऐकवत. मी पॅरामॅटाच्या ऑफिसची मीटिंग म्यूट करून ऐकत असे. थापा दोन्हीकडे होत्या. काकांच्या थापांत निदान कुणीतरी आडवं पडायचं.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर आणि रिंगणात वेल्टरवेट. "वेल्टरवेट म्हणजे ना हलका, ना जड. मध्यमवर्गच म्हण, दोन्हीकडून मार खाणारा," काका सांगत. लॉकडाउन लांबला तसे बाबांचे विजयही वाढले. जूनमध्ये बारा होते, ऑगस्टपर्यंत तीस झाले. हटकलं तर म्हणत, "तेव्हा मोजायला तू होतास का?"

किताबाची लढत मात्र कधी बदलली नाही. ती शनिवारी संध्याकाळी ठेवली होती. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रामदिन, संपायला आभाळात तीन तारे दिसावे लागतात, तोवर लढायचं नाही, आणि महिना श्रावणाचा. बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिले आणि पंचांनी समोरच्याचा हात वर केला. "आम्ही हरलो नाही, आभाळ आलं होतं," काका म्हणत. मी मान डोलावत असे.

मग काकांनाच कोविड झाला. एका शनिवारी दुपारी त्यांना धाप लागलेली पाहून मी ॲम्ब्युलन्स बोलावली. काका पायरीवरून हलेनात. तारे दिसल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणाले.

"काका, जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो. तुम्हीच सांगितलंत ना?"

"येतो रे." मास्कआडून आवाज बारीक येत होता. "बाबांनाही लढत रविवारी मागता आली असती. मागितली नाही. समोरचा भारी होता, बाबा घाबरले होते." दम घेऊन म्हणाले, "मीही घाबरलोय."

जवळ जायची सोय नव्हती. कुंपण धरून उभा राहिलो आणि रडू आलं.

काका कठड्याला धरून उठले. ॲम्ब्युलन्सवाल्या बाईला "ओके, लेट्स गो" म्हणाले आणि आपल्या पायांनी चालत गाडीत चढले.

ते परत आले नाहीत. दफनाला दहाच माणसांना परवानगी होती, मी फोनवर पाहिलं. बाबांचे तीस विजय खरे की खोटे, देव जाणे. त्या घराण्यातली एकच लढत मी डोळ्यांनी पाहिली. ती शनिवारी होती, भर उन्हात, आणि काका घाबरलेलेच रिंगणात उतरले.