अठरा गाठींचं अंतर

कैरो ते मुंबई हे अंतर माझ्या आत्याच्या यजमानांइतकं अचूक साऱ्या खालापूर तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि विमान जवळून पाहिलेलं नसतानाही त्यांच्याइतकं ते कुणी मोजलंही नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईत विमानांचा मिस्त्री म्हणून कैरोला गेला, तेव्हापासून हे वेड. शाळेचा एक फाटका नकाशा आणि भातलावणीची सुतळी एवढंच भांडवल. विमान तासाला किती मैल जातं हे मुलाने पत्रातून कळवलं होतं. त्या मापाने आतोबांनी सुतळीला गाठी मारल्या, तासाला एक. कैरोपासून अठरा गाठी. सुतळीचं दुसरं टोक मुंबईच्या विमानतळावर टेकवून ते थोडं पुढे सरकवायचे आणि आपल्या अंगणावर कुंकवाचा ठिपका द्यायचे. "कर्जतहून बैलगाडी येती तवर कराचीचं इमान मुंबईत," असं ते गाडीवानालाच ऐकवत. बिचारा बैलांकडे पाही.

मी तेव्हा कॉलेजात होतो, शहाणपणा अंगात मावत नव्हता. म्हटलं, "आतोबा, विमान तेलासाठी मध्ये उतरतं. ते तास धरा की!"

"घरी येनारा मानूस मधी कशाला उतरंल रं?" ते म्हणाले.

लढाई संपली आणि पत्र आलं: गुरुवारी संध्याकाळी सहाला निघतो. आतोबांनी शुक्रवारी दुपारी बाराची वेळ काढली. मी पुन्हा समजावलं, शनिवारच्या आत येणं शक्यच नाही. शुक्रवारी सकाळीच त्यांनी ओटी सारवून घेतली. बाराला हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन ते उंबऱ्यात उभे राहिले. घाटाकडून घरघर ऐकू आली. आभाळ स्वच्छ होतं, पण विमान काही दिसेना. मग घरघर एकदम थांबली. आतोबांनी रिकाम्या पायरीवर पाणी ओतलं, तुकडा ओवाळून टाकला आणि अंग चोरून वाट दिली. "ये रं, आत ये."

"आवो, कुनी नाय हाय तिथं," आत्या म्हणाली. मला हसू आलं होतं, ते तोंडातच राहिलं. कोरड्या ओटीवर आत जाणारी चार ओली पावलं होती, आणि आतोबा तर अजून उंबऱ्यातच उभे होते.

तार मंगळवारी आली. विमान बसऱ्याला तेल घेऊन उडालं आणि शुक्रवारी दुपारी समुद्रावर नाहीसं झालं. आत्याने हंबरडा फोडला. आतोबांनी तार वाचून घेतली, कोनाड्यातली सुतळी काढली आणि सावकाश एकेक गाठ सोडली. मला फार वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती.

"तू म्हनलास तसं उतरलं व्हतं रं इमान," ते मला म्हणाले. "पोरगा तेवढा थांबला नाय."