एका गाठीचा दोरा

अंधारात चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणून स्टुडिओच्या ज्या खोलीत चित्रपटांची रिळं धुतली जात, तिथल्या बरण्यांच्या गळ्याला सुती दोरा बांधलेला असे. एक गाठ म्हणजे चित्र उठवणारं रसायन, दोन गाठी म्हणजे ते पक्कं करणारं. दोरा नसेल तर बरणीत नुसतं गाळलेलं पाणी. बोट फिरवलं की कळायचं. दुसरा नियम तुकड्याचा. रीळ रसायनात सोडण्याआधी फिल्मचा बोटभर तुकडा सोडून बघायचा. तो नीट निघाला तरच रीळ. माझे वडील, आबा, कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत सत्तावीस वर्षं हे काम करत होते. तुकडा न टाकता त्यांनी एकही रीळ सोडलं नव्हतं.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला आईला जठराचा कर्करोग झाला. मिरजेला दाखवून आणल्यावर आमच्या डॉक्टरांनी आबांना आणि मला बाहेरच्या खोलीत बसवून सांगितलं, महिना धरून चाला. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, एका दैनिकात मुद्रितं तपासत होतो.

आईला वासाचा त्रास व्हायचा. फोडणी, तूप, उतू गेलेल्या भाताची पेज, कशानंही ढवळायचं. शेजारी कांदा चिरला तरी ती तोंडाला पदर लावायची. खाणं जवळपास थांबलं होतं. चौथ्या आठवड्यात मामा गारगोटीहून दोन सफरचंदं घेऊन आला. सफरचंद तेव्हा आमच्याकडे आजाऱ्याचंच फळ होतं. धडधाकट माणसानं ते विकत घेऊन खाल्ल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"आक्का, एक फोड तरी खा की गं," मामा म्हणाला. "एस्टीत मांडीवर घेऊन बसलोय. पोटच्या लेकराला बी असं आणलं नसतं."

"मग तूच खा. गारगोटीपातूर परत जायचं हाय तुला." थोड्या वेळानं ती म्हणाली, "गरम, मऊ, गोड काय असतं तर खाल्लं असतं. पर शिजवायचा वास नगो."

दहा दिवसांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. आबा उठले, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि सायकलवरून स्टुडिओत गेले. तासाभरानं आले तेव्हा पिशवीत रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची एक बरणी होती आणि रसायनाच्या पाण्याची गरमी मोजायचा लांब थर्मामीटर. घरात लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या होत्या, पण त्यांच्यातून आतलं दिसत नाही. आबांना आतलं दिसायला हवं होतं.

बरणी त्यांनी राखेनं दोनदा आणि गरम पाण्यानं एकदा धुतली. पाणी मी ओतत होतो. दोनदा आणि एकदा, हे मला नक्की आठवतं.

सफरचंदं सोलून त्यांनी पातळ फोडी केल्या. फोडी, किसलेला गूळ, दोन लवंगा, चिमूटभर मीठ. वरून पाणी ओतून बरणी गळ्यापर्यंत भरली, कारण आत हवा राहिली तर ती पातेल्यात तरंगली असती. बूच लावून वर ओलं फडकं घट्ट बांधलं. पातेल्यात तळाला घडी घातलेलं धोतर, त्यावर बरणी, बरणी बुडेल इतकं कोमट पाणी, आणि पातेलं कोळशाच्या शेगडीवर. पाण्याला उकळी फुटू द्यायची नव्हती. उकळलं तर फोडींचा लगदा झाला असता, बूच उडून वास सुटला असता. कमी पडलं तर फोड करकरली असती. एकशे ऐंशी ते एकशे पंच्याऐंशी, असं त्यांनी ठरवलं. स्टुडिओतला थर्मामीटर फॅरनहाइटचा होता. पारा वर सरकला की ते पेलाभर गार पाणी घालत, खाली आला की शेगडीला वारा घालत. तीन तास ते पातेल्यासमोरून उठले नाहीत. घरात कोळशाखेरीज कसलाही वास नव्हता.

आईनं खाटेवरून विचारलं, "अहो, फिलिम धुतायसा का सफरचंद शिजवतायसा?"

"गप पड. दोन्हीचं काम सारखंच हाय."

"माझं चित्तर पुसायच्या आत आणा म्हंजे झालं."

बरणी आबांनी परसात नेऊन उघडली, पहिली वाफ बाहेरच जाऊ दिली. फोडी अख्ख्या होत्या, आरपार दिसतील अशा, गुळाच्या रंगाच्या. वाटी गरम होती. आईनं वाटीतलं अर्धं खाल्लं, मग थांबून उरलेलं अर्धं.

"कसं लागतंय?" आबांनी विचारलं.

"गोड."

त्या रात्री तिला उलटी झाली. उलटी रोजच व्हायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पुढच्या वर्षी तिच्या तिथीला, श्राद्धाचं जेवण उरकून माणसं पांगल्यावर, आबांनी तीच बरणी काढली. दोन सफरचंदं आणली होती. शेगडी, धोतराची घडी, थर्मामीटर, तीन तास. झाल्यावर त्यांनी वाटी भरून खिडकीशी बसून एकट्यानं खाल्ली. मला विचारलं नाही. नंतर मनगटावरचं घड्याळ बघत बराच वेळ बसून राहिले. दरवर्षी हेच झालं. मी त्याला आठवण म्हणत होतो आणि कचेरीत एकदोघांना तसं कौतुकानं सांगितलंही होतं.

सहाव्या वर्षी मी वाटीकडे हात नेला. आबांनी मनगट धरलं. पकड जोराची होती.

"ठेव ती."

"एक फोड, आबा."

"ठेव म्हटलं न्हवं?"

मग त्यांनी दाढीच्या सामानाच्या डब्यातून कागदाची पुडी काढली. पुडीत सुती दोऱ्याचा तुकडा होता. मधोमध एक गाठ, एक टोक तुटलेलं.

आईचे दिवस झाल्यानंतर कापडी पिशवी धुवायला काढली, तेव्हा तो तळाशी सापडला होता. रिकामी बरणी त्यांनी स्टुडिओच्या फळीवरून घाईत उचलली होती. गळ्याला दोरा नव्हता, म्हणून पाण्याची समजून उचलली. दोरा वाटेत तुटून पिशवीत पडला असेल तर ती रसायनाची होती. पिशवी रोज स्टुडिओत जायची, त्यामुळे तो आधीपासूनही तिथे असू शकत होता.

"मी धुतली की ती तुमच्यासंगं," मी म्हणालो. "दोनदा राखेनं, एकदा पाण्यानं."

"रसायनाची बरणी सात पाण्यानं धुवायची असती."

"आणि आता तुम्ही खाऊन काय कळणार? सहा वर्षांत किती वेळा धुतली असेल."

"म्हाईत हाय." ते वाटीकडे बघत होते. "त्या दिवशी तुकडा टाकला न्हाई मी. चाखलं न्हाई. दोनच सफरचंदं, म्हटलं तिचा घास कशाला कमी करा. तवा ऱ्हायलेला तुकडा आता टाकतोय."

मी तोवर वार्ताहर झालो होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की महिना म्हटलं होतं, चौथा आठवडा चालू होता. धुतलेल्या बरणीत राहील तेवढ्यानं माणूस मरत नाही. मी ते आबांना शब्दशः सांगितलं.

"डाक्टरनं बरणी बघितलीया का?" आबांनी विचारलं.

मी दोरा बरणीच्या गळ्याभोवती धरून पाहिला. दोन्ही टोकं भिडत नव्हती. अंगठ्याएवढं अंतर राहत होतं, आणि बांधायला तर आणखी लांबी लागली असती. म्हणजे दोरा दुसऱ्या, अरुंद गळ्याच्या बरणीचा. मी तो तसाच धरून आबांना दाखवला.

"सुती हाय," ते म्हणाले. "भिजून वाळला की आखडतोय. तवाच मोजलाय मी." आणि तुटलेला भाग किती होता, तेही कुणाला माहीत नव्हतं.

स्टुडिओ तोवर बंद पडला होता, बाकीच्या बरण्या भंगारात गेल्या होत्या. ताडून बघायला दुसरी बरणी नव्हती. ही बातमी असती तर दुजोरा मिळेपर्यंत मी ती थांबवून ठेवली असती. घरात तशी सोय नव्हती.

सातव्या वर्षी आबा परसात शेगडी विझवायला गेले तेव्हा मी वाटीतल्या दोन फोडी खाल्ल्या. ते दारात आले. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळी मला जाग आली तेव्हा ते खाटेजवळ स्टुलावर बसलेले होते. अंगावर कालचाच सदरा होता.

"उठलास?"

"उठलो."

"पोटात काय होतंय?"

"न्हाई."

"बरं." ते उठून तोंड धुवायला गेले.

आठव्या वर्षी सफरचंदं चार होती. आबांनी बरणीतून आधी स्वतःची वाटी काढली, बरणीला परत बूच लावून ती पाण्यात ठेवली, तरंगू नये म्हणून वर दगड ठेवला. खाल्लं. मग घड्याळ समोर ठेवून तासभर बसले. मधूनमधून पेलाभर पाणी घालत होते, पारा ढळू देत नव्हते. मीही समोर बसून होतो. तास पुरा झाल्यावर त्यांनी दुसरी वाटी भरली आणि माझ्यापुढे सरकवली. ती गरम होती.

मी खाऊ लागलो. गूळ, लवंग, सफरचंद. चौथं काही सापडतं का, ते मी जिभेवर शोधत होतो.

"कसं लागतंय?" आबांनी विचारलं.

"गोड."

ते थर्मामीटर पुसत होते. "ती बी हेच म्हनली व्हती," ते म्हणाले.