वरचे दगड, खालचे दगड

मुळा नदीवर धरण झालं आणि आमचं नदीकाठचं गाव उठून माळावर गेलं, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुरुषांनी तुळया, दारं, चौकटी बैलगाड्यांवर घातल्या. बायकांनी आपापले धुण्याचे दगड घातले. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला, पण माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ऐकतात कुठल्या!

नदीवर या दगडांची रांग ठरलेली असायची. वरच्या अंगाला म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या आणि अगदी खाली नव्या सुना. त्या वर्षी नवी सून मी एकटीच, म्हणून सगळ्यांचा फेस वाहत माझ्याकडे यायचा. त्याचं एवढं काही नाही. पण वर हशा पिकायचा आणि कोण काय बोललं ते मला कधीच कळायचं नाही, याचा मात्र भारी राग यायचा. एवढ्या बायकांत मी एकटी पडले होते.

पावसाळ्यात धरण भरलं. नव्या गावाखाली, जिथं परवापर्यंत बाजरी डोलायची, तिथं पाणीच पाणी झालं. बायकांनी त्या काठावर दगड मांडले, ते जुन्याच क्रमानं. मी पुन्हा टोकाला. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, माझा फेस माझ्याभोवतीच घोटाळतोय आणि त्यांचा त्यांच्याभोवती. नव्या सुनेनं बोलायचं कसं? आठ दिवस जीभ आवरली. नवव्या दिवशी वर पुन्हा हशा पिकला आणि माझं डोकंच फिरलं.

"आत्याबाई, हितलं पानी वाहतच न्हाई!" मी ओरडले. "मंग वरचं कोन आन् खालचं कोन?"

सगळ्यांचे हात थांबले. आत्याबाईंनी एक वाळकं पान उचलून पाण्यात टाकलं. वारा पडलेला होता. पान जागचं हललं नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"व्हय की गं," त्या म्हणाल्या. "समदा जलम नदीवर गेला, हे ध्यानातच आलं न्हाई. ये हिकडं."

आम्ही दोघींनी माझा दगड लोटत लोटत त्यांच्या दगडाशेजारी आणला. शेजारणीनं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढं सुरू केलं आणि मला ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. विषय माझ्या वाकड्या भाकरीचा होता. मी इतकी खूश होते की रागवायचंच विसरले.