माझा पासपोर्ट कंपनीकडे आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा फादरांनाही नाही. तिथे मी दर वेळी रागावल्याचं, चर्चमधली मिस्सा चुकवल्याचं सांगून उठून आले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणारी माणसं माझ्याबद्दल जे चांगलं बोलतात ते आता मला ऐकवत नाही, म्हणूनही असेल.

मी व्यवस्थित बाई आहे, एवढं आधी सांगते. नव्वदच्या दशकात शारजाला आम्ही वसईच्या तिघी-चौघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. कुणी कधी स्वयंपाक करायचा, सिलिंडर कुणी सांगायचा, सकाळी बाथरूम कुणाला आधी — सगळं मी ठरवायचे आणि कागद फ्रिजला लावायचे. लूसी नर्स होती, माझी सगळ्यात जवळची. ती म्हणायची, "हिल्डाबाय, तू वर गेलीस की आधी स्वर्गाच्या दारावरच्या संत पेत्राला रांग कशी लावायची ते शिकवशील." मी हसायचे. मला ते आवडायचंही.

नवरा आणि दोन्ही मुलं वसईला, सासूबाईंजवळ. धाकटा वर्षाचाही नव्हता तेव्हा मी गेले. पहिल्या सुट्टीला घरी आले तर तो सासूबाईंच्या मागे लपला आणि मला आंटी म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. हे आत्ता सांगितलं, कारण पुढे जे केलं ते मी न समजता केलं असं तुम्हाला वाटायला नको. आई आणि मूल वर्षभर लांब राहिले की काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

मी औद्योगिक भागातल्या एका रेडीमेड कपड्यांच्या फॅक्टरीत होते. व्हिसा, रजा, तिकिटं, कामगारांच्या फाइली, सगळं माझ्याकडे. तिकडे तेव्हा रीतच होती — माणूस कामाला लागला की त्याचा पासपोर्ट कंपनीकडे जमा. आमच्याकडे ते एका लोखंडी कपाटात असायचे. साहेबांचे नव्हे, सगळ्या कामगारांचे, आणि माझाही. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा झाल्यावर आम्हा काही बायकांचा एक गट बसायचा. जेलमधून सुटणाऱ्या बायकांसाठी पिशव्या भरायच्या — कपडे, चपला, साबण, कंगवा. बहुतेक बायका आफ्रिकेतल्या असायच्या, घरकामाला आलेल्या. पिशव्यांचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. त्या पिशव्यांमधून मला बिएट्रिस भेटली.

ती केनियातल्या मोंबासाची. तिथे एका गुजराती कुटुंबात लहानपणापासून काम केल्यामुळे तिला हिंदी यायचं. शारजाशेजारच्या अजमानमध्ये ज्या घरी कामाला आली तिथून पळाली आणि आमच्या शारजातल्या रोला बाजाराजवळच्या एका सलूनमध्ये केसांच्या वेण्या घालू लागली. मालकाने तक्रार केली, पोलिसांनी धरलं, शिक्षा झाली. शिक्षा संपली की थेट विमानात बसवतात. पण कुणी आपला पासपोर्ट पोलिसांकडे जामीन ठेवला, तर मागचं आवरायला थोडे दिवस बाहेर राहता येतं. बिएट्रिसला ते दिवस हवेच होते. तिला एक मुलगी होती, नीमा. सलूनमागच्या खोलीत जन्मलेली, बाप कधीचाच निघून गेलेला, कागद एकही नाही. लग्नावाचून मूल म्हणजे तिकडे आणखी एक केस, म्हणून जेलमध्ये तिने मुलीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मुलगी तिच्या एका मैत्रिणीने लपवून सांभाळली होती. आता वकिलातीत जाऊन गुपचूप मुलीचा कागद करायचा आणि तिला घेऊनच परत जायचं — एवढंच तिला करायचं होतं.

लूसीने तिचा पासपोर्ट जामीन ठेवला. विचार वगैरे काही केला नाही. हॉस्पिटलमधून मागून आणला आणि दिला.

बिएट्रिस आमच्या हॉलमध्ये राहिली. माबेल म्हणून आमच्यात एक होती. ती मराठीत म्हणाली, "आता चमचे मोजून ठेवा गं, हबशीण आली." मी तिला गप्प केलं नाही. चमचे मी मोजायचेच, रोज. त्या आठवड्यात जरा लक्ष देऊन मोजले.

जेलमधून सुटलेली बाई घरात कशी वावरते, ते मी तेव्हा पाहिलं. कुणी खोलीत आलं की ती उठून उभी राहायची. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, पाणी प्यायच्या आधीसुद्धा. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. बेल वाजली की हातातलं टाकून आत जायची. केस बारीक कापलेले होते. तिच्या जुन्या सलूनवाल्या मैत्रिणी आम्हाला रोलात भेटल्या, पण त्यांनी ओळख दाखवली नाही — ओळखलं नाही की ओळखायचं नव्हतं, कोण जाणे. दुकानात साबण घ्यायला पाठवलं तर ती त्या शेल्फसमोर नुसती उभी राहायची. शेवटी मीच एक उचलून टोपलीत टाकायचे. मला वाटायचं, किती वेळ लावते ही!

आणि मुलगी? नीमाला मैत्रीण आमच्याकडे घेऊन यायची. पहिल्यांदा नीमा आईकडे गेलीच नाही. बिएट्रिसने बोलावलं नाही, हात पुढे केला नाही. जमिनीवर बसली आणि फणी समोर ठेवून दिली. पुढच्या खेपेला पोर जवळ आली. त्यानंतर आईच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये पाठ करून बसू लागली, आणि बिएट्रिस तिच्या केसांच्या बारीक-बारीक वेण्या घालायची. तासन्‌तास. तेवढ्या वेळात बेल वाजली तरी ती उठायची नाही.

वकिलातीचं काम निम्मं झालं होतं. अबुधाबीच्या खेपा झाल्या होत्या, आणखी थोड्या बाकी होत्या. तेवढ्यात लूसीच्या आईला वसईला अर्धांगाचा झटका आला. लूसीला जायलाच हवं होतं, आणि त्यासाठी तिचा पासपोर्ट परत हवा होता. एकाच्या जागी दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवता येत होता. तीन-चार आठवड्यांपुरताच.

माबेलकडे कुणी वळलंच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं. सगळं मीच तर ठरवायचे.

आणि मी म्हणाले, "माझा पासपोर्ट कंपनीकडे आहे. साहेब देणार नाहीत."

तिकडे राहिलेल्या कुणालाही विचारा — या वाक्यावर कुणी शंका घेत नाही. ते सगळ्यांच्या बाबतीत खरंच असतं. लूसी म्हणाली, "अरे देवा, तुमचे साहेब तर फारच कडक." शुक्रवारी चर्चमध्ये फादर म्हणाले, तू तुझ्या परीने पुष्कळ करतेस. मी मान हलवली. खोटं बोलणं इतकं सोपं गेलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

साहेबांना मी विचारलंच नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. कुणा कामगाराला बँकेत, आरटीओत पासपोर्ट लागला की मीच कपाट उघडून द्यायचे आणि संध्याकाळी परत ठेवायचे. साहेबांना पत्ता नसायचा.

बिएट्रिसला हे माहीत होतं. ती एकदा माझा विसरलेला डबा द्यायला ऑफिसात आली होती. तेव्हा मी एका शिलाईवाल्याला त्याचा पासपोर्ट काढून देत होते. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, चाबी तो आपके पास है."

मी म्हणाले, "चाबी है. परमिशन नहीं है."

"आपने पूछा?"

मी म्हणाले, "पूछा."

तिने ताट पुसून जागेवर ठेवलं. माझ्या ठरलेल्या जागेवर, मोठ्या ताटांवर छोटं. म्हणाली, "खलास, सिस्टर." पुन्हा त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर? इतरांसमोर म्हणाली असती तर? मी कदाचित दिला असता. पण बघा, हेसुद्धा मी तिच्यावरच ढकलते आहे.

का नाही दिला? कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले, मे महिन्यात सुट्टी होती, मुलं वाट बघत होती. पण तेव्हा तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं, सुट्टी पुढे गेली असती. मग सांगायचे, ती पळून गेली असती तर मी अडकले असते. पण ती पळणार नाही हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. पोर इथे असताना ती कुठे पळणार? खरं कारण लाजिरवाणं आणि लहान आहे. पोलिसांच्या कागदावर तिच्या नावाशेजारी माझं नाव मला नको होतं. जेलमधून आलेली काळी बाई आणि तिची जामीनदार मी, हे ऑफिसात कळलं असतं तर साहेबांचा माझ्याशी बोलण्याचा सूर बदलला असता. पिशव्या भरायला मला काहीच वाटायचं नाही. पिशवीवर माझं नाव नसायचं.

लूसी गेली. बिएट्रिस तिच्याच पायांनी पोलिसांकडे परत गेली. जायच्या दिवशी तिने नीमाच्या वेण्या नव्याने घातल्या, घट्ट, बरेच दिवस टिकतील अशा. तिला निरोप देताना आम्ही सगळ्या रडलो. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं — आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच बघा. आठवडाभरात तिला विमानात बसवलं. एकटीला.

नीमाला सांभाळणाऱ्या त्या मैत्रिणीला दुसरीकडे मालकाच्या घरीच राहायची नोकरी लागली. ती नीमाला आणि एका प्लास्टिकच्या पिशवीला आमच्या दारात सोडून गेली. तेव्हा मी पुढे झाले. लगेच. नीमाला मी ठेवून घेतलं.

वर्ष उलटून गेलं. दिवसा आम्ही तिला पाळीपाळीने सांभाळायचो. त्याचं वेळापत्रकही मीच केलं. ती माझ्याच पलंगावर झोपायची. आईने घातलेल्या वेण्या सुटल्या. मला त्या घालता येईनात, तेव्हा मी कात्रीने तिचे केस बारीक करून टाकले. रोज आंघोळ घालायला सोपं. ती मराठी बोलायला लागली. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, हिल्डाबायचं काळीज बघा, परक्या, काळ्या पोरीला पोटच्या मुलीसारखं वाढवतेय. फादरांनी एकदा वेदीवरून नाव न घेता माझा उल्लेख केला. सगळ्यांना कळलं कोण ते. मी खाली बघत बसले. लोकांना तो नम्रपणा वाटला.

लूसी तर मला अजून म्हणते, "मी नुसता पासपोर्ट ठेवला, तू तर आख्खी मुलगी सांभाळलीस." या नाताळालाही म्हणाली. मी तिला केक वाढला.

पुढे बिनकागदाच्या लोकांना परत जायची मुभा मिळाली, तिकडून बिएट्रिसने धडपडून कागद पाठवला, आणि नीमा मोंबासाच्या एका बाईबरोबर गेली. सामानाची यादी मी केली, पिशवी मी भरली. विमानतळावर ती माझ्या गळ्यातून सुटेना. दोघींना मिळून तिचे हात सोडवावे लागले.

नंतर बिएट्रिसचा ऑफिसात फोन आला. लाइन खराब होती. आधी तिने सगळ्यांची चौकशी केली, लूसीची, तिच्या आईची, माबेलचीही. मग म्हणाली, "सिस्टर, वो मेरे पास सोती नहीं. मेरेको आंटी बोलती है. आपका नाम लेके रोती है. आप कैसे सुलाती थी, मेरेको बताओ."

मी सांगितलं. दूध कोमट करायचं, दिवा पूर्ण घालवायचा नाही, पालथं झोपवून पाठीवर थोपटायचं, हळू नाही, जरा जोरात. एकेक सूचना ती माझ्यामागून म्हणत होती, विसरायला नको म्हणून. शेवटी म्हणाली, थँक यू सिस्टर. लाइन तुटली.

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, असं मला इथे लिहिता आलं असतं. वाईट नंतर वाटलं, पुष्कळ वाटलं, अजून वाटतं. पण आधी जे वाटलं ते हे नव्हतं. ती पोर आपल्या आईच्या कुशीत माझ्यासाठी रडत होती, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं.