थांबता न येणारा ट्रक

नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतून निघताना वरिष्ठांनी एवढंच सांगितलं, की खानदेशातल्या पोलिसांना जीप नीट चालवायला शिकवून या. त्या वर्षी जिल्ह्यांना नव्या जीपगाड्या मिळाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच झाडांवर जाऊन आदळल्या होत्या.

धुळ्याला कवायतीच्या मैदानावर मी मडकी मांडली आणि त्यांच्यामधून जीप नेण्याचा सराव सुरू केला. दगडू हवालदार सगळ्यांत वयस्कर. जन्म बैलगाडीवर गेलेला. थांबायचं म्हटलं की तो स्टिअरिंग छातीशी ओढायचा आणि जीपला 'होऽ' म्हणायचा. चौथं मडकं फुटल्यावर मला म्हणाला, "साहेब, मी सांगस, पन हाई ऐकत नही." (मी सांगतो, पण ही ऐकत नाही.) सरावानंतरच्या परीक्षेत नापास झाला, तर त्याची बदली सातपुड्यातल्या चौकीवर ठरलेली होती. घरी आजारी बायको. त्यामुळे ब्रेक कुठे असतो, हे तो जेवतानासुद्धा पायाने घोकायचा.

परीक्षा जळगाव ते रावेर रस्त्यावर घेतली; जीप दगडूच्या हातात, मी शेजारी. भुसावळला शेवभाजी खाल्ली. तिच्या तिखटाने माझे डोळे अजून वाहत होते, तोच रावेरअलीकडच्या नाक्यावर शिपाई आडवा आला. एक ट्रक न थांबता पळाला होता. पाठलाग करा, म्हणाला.

मी दगडूला आठवण करून दिली, की घाई करायची नाही. त्याने ते इतकं मनावर घेतलं, की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. एका वळणावर पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं, त्यात केळीच्या कुजलेल्या खांबांचा चिखल, आणि समोर घडांनी भरलेली बैलगाडी. वर एक म्हातारी अक्का. जीपची मागची चाकं सरकली. दगडूने ब्रेकला पाय लावला नाही, 'होऽ'ही केलं नाही. चाकं सरकली त्याच बाजूला त्याने स्टिअरिंग वळवलं. जीप डोलली, सरळ झाली आणि बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली. अक्काने घड सावरले आणि बाजूच्या बागेकडे बोट दाखवलं.

ट्रक केळीत घुसून उभा होता. ड्रायव्हर चिखलातून आला आणि न विचारताच जीपमध्ये बसला.

"मी पळत नव्हतो, साहेब," तो म्हणाला. "ब्रेक गेला होता. थांबताच येईना."

रावेर येईपर्यंत तो दगडूला हळू घ्या म्हणत राहिला. दगडूने त्याचं ऐकलं. मी दगडूला पास केलं.

परतीच्या एस.टी.त ड्रायव्हर एका हाताने तंबाखू मळत घाट उतरत होता. मी उठून त्याला सावकाश चालवायची विनंती केली.

"भीती वाटते का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "मी तीच शिकवतो."