हसनभाईंनी झाकून ठेवलेली माझी चूक

पौडच्या बाजारात, एस.टी. थांब्यासमोर, हसनभाई मिस्त्री यांचे गॅरेज आहे. तिथे मी प्रथम गेले ती बाबांच्या मागोमाग, हातात एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन. मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझे वडील इथले डॉक्टर. त्यांच्या लहान इंग्रजी गाडीबरोबर ते पुस्तक आले होते. हसनभाईंना इंग्रजी येत नाही आणि बाबांना वेळ नसे, म्हणून वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले. हसनभाईंनी स्वतःचे स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवले. म्हणाले, "बसा ताई. आज तुमी मास्तर, आमी पोरं."

त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या अंकात लिहायला मी दोनदा नकार दिला होता. गुणगान करायचे आणि एक गोष्ट गाळायची, हे माझ्याने होईना. म्हणून ती गोष्टच लिहिते.

हसनभाईंची कामाची रीत सर्वांना माहीत आहे. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर बरोबर ओढतो की नाही, हे ते इंजिन चालू ठेवून त्याच्या तोंडावर अंगठा धरून सांगतात. गाडीतून काढलेला जुना भाग ते कधी फेकत नाहीत. फडक्यात बांधून, त्यावर मालकाच्या गाडीचे चित्र खडूने काढून, वर्षभर फळीवर ठेवतात. "नवं म्हंजी चांगलंच, आसं कुटं हाय?" असे त्यांचे म्हणणे.

पाच वर्षांपूर्वी बाबांच्या गाडीचा कार्बोरेटर झिजला. परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले होते. हसनभाईंनी पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन वस्तू पसंतीसाठी आणल्या. एक होता अरुंद गळ्याचा लहान कार्बोरेटर. तो गाडीच्या मूळच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल नेणाऱ्या बिडाच्या नळीवर, बसणारा होता. दुसरा रुंद गळ्याचा, आणि त्यासोबत चकचकीत ॲल्युमिनियमचे रुंद मॅनिफोल्ड. ते आमच्याच इंजिनासाठी कुणीतरी वेगाच्या हौसेने करवून घेतलेले होते. मी पुस्तकातले कोष्टक पाहिले. गळा रुंद तर ताकद जास्त, असे आकडे सांगत होते.

हसनभाईंनी दोन्ही वस्तू बराच वेळ हातात फिरवल्या. "ताई, आपलं इंजिन हाय लहान. एवढ्या मोठ्या नळीतनं ते ओढंल का? आन् जुनी नळी धुराच्या नळीला चिकटून तापती, ही तर गारच ऱ्हानार. चढावर, हळू चालताना काय व्हतं, ते लिवलंय का बगा."

कोष्टकाखाली त्याबद्दल एक मोठा परिच्छेद होता. तो मी वाचला आणि मला तो कळला नाही. माझे सुरुवातीचे सारे शिक्षण घरी, बाबांपाशी झालेले. वर्गात उभे राहून "येत नाही" म्हणण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मी पान उलटले आणि म्हणाले, "तसे काही लिहिलेले नाही. मोठाच बसवा."

"पुस्तक म्हनतंय तर बसवू," हसनभाई म्हणाले.

सपाटीवर गाडी सुरेख पळाली. मग जानेवारीतल्या एका थंड सकाळी बाबा एका अडलेल्या बाळंतिणीकडे निघाले आणि धरणाकडच्या चढावर गाडी खोकून बंद पडली. पुन्हा सुरू होईना. बाबा पेटी घेऊन दोन मैल चालत गेले. बाई आणि बाळ वाचले, पण थोडक्यात. त्या दिवशी मी कोशात एकेक शब्द पाहून तो परिच्छेद लावला. हसनभाईंना जी शंका होती तेच त्यात लिहिले होते: लहान इंजिन हळू चालताना रुंद नळीत हवेला जोर राहत नाही, आणि नळी गार असली तर पेट्रोलचे थेंब होऊन ते आतच साचते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसांसमोर बाबा कडाडले, "झेपत नाही ते काम घेता कशाला? माणसे मेली असती!" मी बाबांच्या शेजारी उभी होते. हसनभाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "चूक झाली, डॉक्टर," एवढेच ते म्हणाले. गर्दीतून कुणीतरी ओरडले, "मिस्त्री, आता बैलगाड्याच दुरुस्त करा!" लोक हसले. मी काहीही बोलले नाही.

बाबा गाडी पुण्याच्या एका गॅरेजात नेऊ लागले. त्यांचे पाहून आणखी तिघांनी तेच केले. आठ दिवसांनी मी हसनभाईंकडे जाऊन सारे सांगितले.

"ठाऊक हाय मला. पान उलटताना तुमचा हात थांबला व्हता."

"मग बाबांना सांगितले का नाही?"

"सांगितलं आसतं तर त्यांनी तुमच्या हातातलं पुस्तकच काडून घेतलं आसतं. आन् अंगठा न्हाई म्हनत व्हता, तरी बसवला मीच ना?"

मग त्यांनी फळीवरचे गाठोडे काढून दिले. त्यात आमचा जुना कार्बोरेटर आणि जुने मॅनिफोल्ड होते. कार्बोरेटरची झिजलेली दांडी काढून त्यांनी नवी बनवून घातली होती. "पुन्यात हेच बसवायला सांगा. कुनी केलं ते सांगू नका, न्हाईतर डॉक्टर घ्यायचे न्हाईत."

गाडी आजतागायत त्यावरच चढ चढते. नाव मात्र पुण्याच्या गॅरेजाचे झाले आणि मी ते पाच वर्षे होऊ दिले. त्यांनी सांगू नका म्हटले होते, अशी मी मनाची समजूत घालत आले. पण खरे कारण ते नव्हते. मला भीती वाटत होती.

इथवरचा लेख मी गेल्या आठवड्यात बाबांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मला शेजारी बसवून बाबांनी गाडी थेट थांब्यासमोर उभी केली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हसनभाई, त्या दिवशी मी चुकीच्या माणसाला बोललो. माफ करा."

हसनभाईंनी इकडेतिकडे पाहिले. "डॉक्टर, आदी गाडी आत घ्या. एस.टी. यायची वेळ झाली."

गाडी आत गेल्यावर त्यांनी ते स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवले आणि गाडीतल्या त्या इंग्रजी पुस्तकातले एक पान उघडून दिले. मी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "हसनभाई, हे मला कळले नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि इंजिन सुरू करून त्यांनी अंगठा पुढे केला.

त्या दिवशी थांब्यावर हसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असतील, तर त्यांनी आपली गाडी पुन्हा हसनभाईंकडे न्यावी, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांचे हात असेच धड राहोत, डोळे निकोप राहोत, आणि आपल्या सर्वांच्या गाड्या भंगारात गेल्या तरी ते आपल्यात ठणठणीत असोत. माझ्या गप्प बसण्याने त्यांची जी पाच वर्षे गेली, ती परत देणे माझ्या हाती नाही. ती त्यांच्या आयुष्यात भर घालून मिळावीत, एवढेच मागते.